इनस्क्रिप्ट कीबोर्ड, आठ महिन्यांनी

आधीच सांगते, पहिल्या पंधरवड्यात मी हा कीबोर्ड, म्हणजे संगणकावर मराठी टाइप करायचा कळांचा आराखडा, तीनदा काढून टाकला होता. चौथ्यांदा ठेवला तो हट्टाने, आवडला म्हणून नव्हे.

मुलांच्या पुस्तकांची भाषांतरं हे माझं काम. दिवसाला दीड-दोन हजार शब्द टाइप होतात. दहा वर्षं फोनेटिकवर काढली, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटताना बघायचं. एम आणि आय दाबलं की ‘मी’. शिकावं काही लागत नाही, पहिल्याच दिवशी पत्र लिहून होतं. सोपेपणाला मी नावं ठेवणार नाही, त्यावर माझं घर चाललंय. पण प्रत्येक शब्दाखाली पर्यायांची यादी उघडते आणि त्यातून निवडायचं काम आपल्याकडे राहतं. शिर की शीर, पिक की पीक? डोळे वाक्यावरून यादीवर, यादीवरून वाक्यावर. घाईत एकदा ‘बालदीन’ निवडलं गेलं आणि तसंच प्रुफाला गेलं. प्रूफ तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लाल पेनाने एवढंच लिहिलं, ‘बिचारी मुलं!’

त्या दिवशी इनस्क्रिप्ट लावला. तो विकत घ्यायचा नसतो. संगणकात मराठी भाषा जोडली की आयताच येतो. १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरलेला हा आराखडा पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही आला.

याची रचना बाराखडी घोटलेल्या माणसाला पटते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजवीकडे, फक्त म, न, व खालच्या ओळीत डावीकडे. क च्या कळीवर शिफ्ट दाबली की ख, ग वर घ, त वर थ. काना शिफ्टने दाबला की आ. आणि डाव्या मधल्या बोटाखाली पाय मोडायची कळ. ‘नमस्कार’ म्हणजे न, म, स, पाय मोडा, क, काना, र. सात कळा, यादी नाही. जे दाबलं तेच उमटतं, चूक झाली तर ती शंभर टक्के माझी. वेलांटीसुद्धा उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर येते. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेले आमचे डीटीपीवाले काका पहिली वेलांटी आधी मारतात, त्यामुळे इथे त्यांची चिडचिड होते.

पण पहिल्या दिवशी त्याच ‘नमस्कार’ला मला पाऊण मिनिट लागलं होतं! फोनेटिकवर मिनिटाला २८ शब्दांचा वेग होता, दुसऱ्या आठवड्यात इथे ७. कीबोर्डला स्टिकर लावले, तर नजर खालीच खिळली. मग आराखड्याचा कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवला आणि रोज वीस मिनिटं नुसता सराव केला. साधारण सहाव्या आठवड्यात ‘आणि’, ‘आहे’, ‘नाही’ बोटं आपली आपण लिहू लागली. आता ३६-३७ वर आहे. वेगापेक्षा मोठा फरक असा की संध्याकाळी डोळे चुरचुरत नाहीत.

एक खास सुख म्हणजे पुऱ्या. माझ्या जुन्या साधनात पुऱ्या, दऱ्या, सुऱ्या लिहायला गेलं की हमखास रफार यायचा, ‘पुर्या’. आचार्यांना तो शोभतो, पुऱ्यांना नाही. इथे आचार्यांचा र साध्या कळीने आणि पुऱ्यांचा ऱ त्याच कळीवर शिफ्टने. दोन्हीकडे पुढे पाय मोडून य. एकदा हाताला कळलं की कायमचं.

तक्रारी आहेत. प्रश्नचिन्हाच्या कळीवर य बसलाय, उद्गारचिन्हाच्या जागी ऍ, टक्क्याच्या जागी ज्ञ. मुलांच्या पुस्तकात दर चौथ्या ओळीला कुणीतरी काहीतरी विचारत असतं आणि दर वेळी इंग्रजीत जाऊन यावं लागतं. हा कंटाळा आठ महिन्यांत कमी झालेला नाही. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. शिकायला लावा, हरकत नाही, पण शिकवा तरी! मराठी जोडल्यावर ‘हा घ्या आराखडा, इथून सुरुवात करा’ असं माझा संगणक एका शब्दाने बोलला नाही. य साठी सवयीने इंग्रजी वाय दाबायला गेलात आणि ब आला की माणसाला वाटतं, बिघडलंय काहीतरी. मीही सुरुवातीला तेच समजले होते.

बाबांना मी हा सुचवला नाही. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज चार ओळी लिहितात, तेही बरंचसं बोलून. चार ओळींसाठी सहा आठवडे कोण घालवेल? फोनवर मीही फोनेटिकच वापरते. पण रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला ‘सोपं तेच घे’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालते. ऑफिसातली कन्नड भाषांतरकार परवा माझ्या खुर्चीत बसली, भाषा बदलली आणि सरळ लिहीत सुटली. तिचा क माझ्या क च्याच कळीवर होता. तिला खाली बघायचीही गरज पडली नाही.

माझे स्टिकर मी तिसऱ्या आठवड्यातच खरवडून काढले. एकच राहिलाय, ह चा, कारण त्याच्या कोपऱ्यात ङ आहे. ‘वाङ्मय’ लिहायची वेळ आली की अजूनही खाली बघते.