भरीत उत्तम, पण पंगत कुठे गेली?

मागच्या रविवारी जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातील एका शेतावर भरीत पार्टीसाठी आम्ही घरची सहा माणसे गेलो होतो. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर, वांगी आमच्यासमोर भाजली, लाकडी भांड्यात ठेचली आणि पातीचा कांदा व मिरची घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांबरोबर गरमागरम वाढली. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन का मिळाले, हे कमी बियांचा तो मऊ गर तोंडात विरघळताच कळते.

माझी तक्रार बसण्याच्या व्यवस्थेबद्दल आहे. आंब्याखाली क्रमांक लावलेली बारा टेबले होती, प्रत्येक कुटुंबाला एक. एका टेबलावरच्या मुलांनी मोठ्या आवाजात गाणी लावली. शेजारी तान्हे बाळ दचकून रडत असताना कोणी काही बोलले नाही, आणि आम्हीही बोललो नाही, याची मला अजून खंत वाटते. पलीकडचे एक वृद्ध गृहस्थ जुन्या सवयीने भरिताचे ताट घेऊन प्रत्येकाला "घ्या हो, थोडं घ्या" म्हणत फिरू लागले, तेव्हा एक ताई शांतपणे म्हणाल्या, "नको बाबा, आमचं पॅकेज वेगळं आहे." बाबा ताट घेऊन परत फिरले आणि नंतर कोणाशी बोलले नाहीत.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवला की आमच्याकडे शेतांवर भरीत सुरू होते. सर्वांना वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही आणि शेजारच्याचे जेवण आटोपल्याशिवाय उठायचे नाही, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. पंगतीत बसूनच ते अंगी लागले. त्या पंगतीतही काही माणसांना कडेला बसवले जाई, हे मी लहानपणी पाहिले आहे आणि ते परत यावे असे मला मुळीच वाटत नाही. पण म्हणून सगळ्यांनीच कडेला बसावे का?

निघताना मी मालकांना हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "ताई, लोकच वेगळं टेबल मागतात." मग थोडा विचार करून त्यांनी सांगितले की आधी फोन केला तर ते लांब सतरंज्या काढून ठेवतील. पुढच्या खेपेसाठी मी पंधरा जणांची नोंदणी केली आहे आणि त्या बाबांच्या घरच्यांनाही बोलावले आहे.