5252 हा आकडा मला पाठ होता

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. सांगलीत मेकॅनिकल केलं, 2006 मध्ये न्यू जर्सीत आलो, आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कमध्ये पहिल्यांदा ड्रॅग रेस पाहिली. पाव मैल, 1320 फूट, दोन गाड्या, मधे दिव्यांचं झाड. तेव्हापासून डोक्यात किडा होता. हे एवढ्यासाठी लिहितोय की "तुला गाड्यांतलं काय कळतं?" हे मी आता पुरेसं ऐकलंय. कळतं. तरीही इंजिनाच्या व्यवहारात एका माणसाने मला 14,800 डॉलरना गंडवलं.

गाडी घेताना मी फसलो नाही, हेही लिहून ठेवतो. 2022 मध्ये 1970 ची शेवरोले शेवेल मालिबू घेतली, इंजिन नसलेली, 11,500 डॉलरला. त्या वर्षीच्या शेवेलचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचून ती साधी मालिबू की एसएस, म्हणजे जास्त ताकदीची महागडी आवृत्ती, हे कळत नाही. निम्मे लोक तिथेच बुडतात, बिल्ले चिकटवलेली मालिबू एसएसच्या भावात घरी आणतात. मी साधी म्हणूनच घेतली, साध्याच भावात. एवढी अक्कल होती.

मग इंजिन. पेनसिल्व्हेनियातला एक इंजिन बांधणारा कुणीतरी सुचवला. साठीचा माणूस, हाताला ग्रीस, भिंतीवर जुन्या टाइमस्लिपा, म्हणजे शर्यतीची वेळ छापलेल्या चिठ्ठ्या. कबूल काय केलं तर 454 घनइंचाचा बिग ब्लॉक, म्हणजे शेवरोलेचं मोठ्या आकाराचं इंजिन, फोर्ज्ड (ओतलेला नव्हे, ठोकून घडवलेला, म्हणून जास्त मजबूत) क्रँक, फोर्ज्ड पिस्टन, साडेपाचशे हॉर्सपॉवर, डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चालवून दाखवणार. आणि दर चौथ्या वाक्याला, "तुम्ही स्वतः इंजिनिअर, तुम्हाला मी काय सांगायचं?" या वाक्याने मला जेवढं आंधळं केलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. त्यानंतर प्रश्न विचारायचीच लाज वाटू लागली.

पुढची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. आगाऊ 5,000, चेकने. तीन महिन्यांनी "क्रँक आलाय, पुरवठादाराचे द्यायचेत" म्हणून 4,900. हे ॲपवरून पाठवले, आणि पाठवताना 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडला, कारण 3 टक्के फी, म्हणजे 147 डॉलर वाचणार होते. 147 डॉलर वाचवले मी! त्या पर्यायावर खरेदीचं संरक्षण लागू होत नाही, हे तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. क्रेडिट कार्ड नको म्हणणारा माणूस दिसला की उठून घरी जा.

आता तो दिवस. आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मी नेवार्क विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. फोनवर डायनो शीट आली. सोबत निरोप: "पोरगी गातेय!" (पोरगी म्हणजे इंजिन) "उरलेल्यातले 3,400 पाठवा, म्हणजे पॅक करतो." मी वरचा मोठा आकडा बघितला, खूश झालो, पैसे पाठवले आणि विमानात चढलो.

त्या शीटवर 5,250 आरपीएमची एक ओळ होती. टॉर्क 498, हॉर्सपॉवर 541.

ज्यांना कळलं त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी: हॉर्सपॉवर म्हणजे पाउंड-फुटातला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले 5252. म्हणजे 5252 च्या आसपास दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. इंजिन कुणाचंही असो, डायनो कुठलाही असो. 498 असेल तर 498. ती शीट कुठल्या डायनोमधून आली नव्हती, कीबोर्डवरून आली होती. आणि हे सूत्र मी कॉलेजात घोकलंय, परीक्षेत लिहिलंय, आजही ऑफिसात पंप निवडताना याच नात्याने शक्ती काढतो. विमानात चौदा तास ती शीट खिशात होती. चौदा तास! मी काय केलं, तर शेजारच्या काकांना फोटो दाखवला.

हो, आईची काळजी होती. पण काळजी एका दिवसाची, शीट माझ्याकडे नंतर पाच महिने होती.

शेवटचे 1,500 देऊन इंजिन आणलं. व्हॉल्व्ह कव्हर माझीच होती, इंग्लिशटाउनच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून 90 डॉलरना घेऊन आधीच त्याच्याकडे दिलेली. डाव्या कव्हरवर लेकीने लावलेला गणपतीचा छोटा स्टिकर तसाच होता. रंग झकास केशरी. ब्लॉकवर ओतताना उमटवलेला कास्टिंग नंबर मागे, गिअरबॉक्स जोडतात त्या बेलहाउसिंगच्या कडेला असतो. त्याने महिन्यांपूर्वी फोटो पाठवला होता, 3963512, म्हणजे 454 चाच. आलेल्या ब्लॉकवर तोच नंबर आहे का, हे मी पाहिलं नाही. एकदा इंजिन गाडीत उतरलं की ती जागा फायरवॉल (इंजिन आणि आतल्या बैठकीमधली भिंत) आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंधारात जाते. उतरवण्याआधी दोन मिनिटं पाहा. वाकून पाहा.

साडेपाचशे हॉर्सपॉवरची गाडी अकरा सेकंदांच्या अलीकडे-पलीकडे जाणार, आणि 11.49 किंवा त्याखाली गेलं की रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा आतला पाइप, सक्तीचा. म्हणून रोलबार 1,150, पट्टे 180, हेल्मेट 320, मागचे स्लिक, म्हणजे शर्यतीचे बिननक्षीचे, टायर 640. इंग्लिशटाउनची ड्रॅग पट्टी 2018 मध्येच बंद झाली, ॲटकोची पट्टी 2023 मध्ये गेली, म्हणून ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला गेलो. बायको आणि लेक कठड्याशी मोबाइल धरून उभ्या.

पहिली स्लिप: 14.02 सेकंद, ताशी 101 मैल. शेजारच्या लेनमध्ये एक इलेक्ट्रिक एसयूव्ही होती, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची. ती जिंकली. मी टायरला दोष दिला. दुसरी तशीच. घरी येऊन हिशेब केला. 3,800 पौंडांची गाडी, पाव मैलाच्या शेवटी 101, म्हणजे जेमतेम तीनशे हॉर्सपॉवर. सेकंद चुकतात, सुटायला उशीर होतो, चाक घसरतं. शेवटचा वेग सहसा खोटं बोलत नाही. तिसऱ्या खेपेला खालून ठकठक सुरू झाली होतीच.

एका म्हाताऱ्या मेकॅनिकने 650 डॉलर घेऊन इंजिन उघडलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4.155 इंच. 454 चा मुळातच 4.250 असतो. हा होता लहान, 402 घनइंचाचा, बोअर तीस थाऊ (इंचाचे तीस हजारांश) वाढवलेला, कास्टिंग 3969854. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. मग त्याने क्रँक बाहेर काढला आणि मला बोट फिरवायला सांगितलं. बाजूने नखाएवढी बारीक, धारदार रेघ. ओतीव क्रँकची खूण. फोर्ज्डवर ती रुंद, घासून सपाट केलेली असते. मग क्रँक लटकवून हातोडीने हलकेच ठोकला. फोर्ज्ड घंटेसारखा घुमतो. हा ठप्प झाला. पिस्टनही ओतीवच.

आता तक्रार. आमच्या टाउनशिपचे पोलीस म्हणाले, दुकान पेनसिल्व्हेनियात, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, "इंजिन मिळालं ना? मग हा दिवाणी मामला." अहो, 454 चे पैसे घेऊन 402 देणं म्हणजे सोन्याच्या भावात पितळ! तो हवालदार माझ्याकडे असा बघत होता, जणू मी हॉटेलात मसाला डोसा मागवला आणि साधा आला. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. आमच्या राज्याच्या ग्राहक कार्यालयाने अकरा आठवड्यांनी कळवलं की हे दुसऱ्या राज्याचं काम. दुसऱ्या राज्याने दुकानाला एक पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, म्हणून फाइल बंद केली. उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद! वकील तासाला 350 मागतो. पेनसिल्व्हेनियातल्या खालच्या कोर्टाची मर्यादा 12,000, म्हणजे 2,800 डॉलर मी आपणहून सोडायचे, मग दावा. सोडले. तो तारखेला आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. वसुलीला गेलो तर दुकानाला कुलूप.

इंजिन, रोलबार ते टायर हे सामान आणि इंजिन उघडायचे 650 धरून 17,740 डॉलर. आईने फोनवर विचारलं, "रुपयांत किती रे?" सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात एका मित्राने जाहिरात पाठवली. नवं नाव, नवं गाव. "तयार 454, फोर्ज्ड, 15,900." फोटोत केशरी इंजिन, डाव्या व्हॉल्व्ह कव्हरवर गणपतीचा स्टिकर. खाली डायनो शीटही जोडलेली आहे. 5,250 च्या ओळीत 498 आणि 541.