सांगलीतील चौकांचे कॅमेरे : काम चोख, विश्वास अपुरा

दिवाळीच्या तोंडावर गणपती पेठेतून विश्रामबागला येताना आईची पिशवी रिक्षात राहिली. पिशवीत औषधे, पासबुक आणि माहेरची जुनी बोरमाळ होती, आणि रिक्षाचा नंबर आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तेव्हा चौकांतील सरकारी सीसीटीव्हीचे चित्रण जेथे पाहतात, त्या कक्षात मी गेलो.

तेथील कर्मचाऱ्याने आपुलकीने बसवून घेतले आणि वीस मिनिटांत रिक्षा शोधून दिली. दिवेलागणीनंतरचे चित्रण असूनही नंबरप्लेट स्वच्छ वाचता आली. दुसऱ्या दिवशी पिशवी जशीच्या तशी घरी आली. या कामाला मी पूर्ण गुण देतो.

मात्र नंबर ज्या रीतीने माझ्या हाती आला, ती रीत अजून मनाला लागून आहे. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर पडद्याचे चित्रीकरण केले आणि ते मला व्हॉट्सॲपवर पाठवले. अर्ज घेतला नाही, ओळखपत्र पाहिले नाही, नोंदवहीत सही घेतली नाही. त्या चाळीस सेकंदांत रिक्षेबरोबरच एका दवाखान्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या, आमच्याच गल्लीतल्या एक बाई स्पष्ट दिसत होत्या. त्या कोणत्या डॉक्टरांकडे जातात, हे मला कळण्याचे काहीच कारण नव्हते.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ साली सांगितले. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने गुन्ह्यांच्या तपासासाठी होणाऱ्या वापराला बऱ्याच बंधनांतून सूट दिली असली, तरी माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यातही कायम आहे. आणि आमची हरवलेली पिशवी हा तर गुन्हाही नव्हता. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने जपावे, असे न्यायालयाने २०२०मध्ये ठरवून दिले. चौकातले चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते कोणाला दाखवतात, हे सांगणारा साधा फलकही या कक्षात नव्हता. कॅमेरे मला हवेच आहेत. पण माझ्यासाठी जो दरवाजा इतक्या सहज उघडला, तो एखाद्या मुलीच्या मागावर असलेल्या माणसासाठीही तितक्याच सहज उघडेल, ही भीती मला खरी वाटते.

म्हणून पाचपैकी तीन तारे. माझ्याकडची चित्रफीत मी त्याच रात्री पुसली. त्या कर्मचाऱ्याच्या मोबाईलमधली पुसली गेली का, हे कोणाला विचारायचे ते मला अजून कळलेले नाही.