सबस्टेशन वाढवायच्या परवानग्या काढून देणारी सेवा: पाचपैकी साडेतीन

फर्मचं नाव लिहीत नाही. चांगलं सांगायचंय तसं वाईटही सांगायचंय, आणि त्यांचं शेवटचं बिल अजून माझ्या टेबलावर पडून आहे. नाव घेतलं की दोघांची अडचण.

मी हातकणंगले तालुक्यातल्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिकल सांभाळतो. ३३ केव्हीचं, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज घेऊन तिचा दाब उतरवणारं, आमचं स्वतःचं सबस्टेशन आहे, त्यात ५ एमव्हीए क्षमतेचा एकच ट्रान्सफॉर्मर होता. सूत कातायच्या नवीन रिंगफ्रेम आल्या आणि त्याचा जीव मेटाकुटीला आला. एप्रिल-मे मध्ये दुपारी हेल्पर पोरगं पाण्याचा पाइप धरून रेडिएटरवर पाणी मारत उभं. संचालक मंडळातल्या एकाने हे डोळ्यांनी बघितलं तेव्हा कुठे दुसऱ्या ५ एमव्हीएला मंजुरी मिळाली. मग प्रश्न आला कागदांचा. ट्रान्सफॉर्मर पैसे टाकले की येतो, पण त्याच्यामागचे कागद काढायला माणूस लागतो.

पहिला जो एजंट आला त्याने नऊ लाखांचं रंगीत कोटेशन ठेवलं. त्यात ‘पर्यावरण मंजुरी’ या एका ओळीला साडेचार लाख, आणि ‘झाडतोड परवानगी’ वेगळीच. पर्यावरण म्हटलं की मीटिंगमध्ये सगळे गंभीर होतात. चेअरमनांनी मानही हलवली होती.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते दुसरे. त्यांच्या इंजिनिअर मॅडम आल्या, चहा यायच्या आत ते कोटेशन वाचलं आणि म्हणाल्या, “साहेब, ही ओळ खोडा.” पर्यावरण मंजुरी कुणाला लागते त्याची केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे, तिला प्रकल्पांची यादी जोडलेली आहे. त्यात औष्णिक वीज केंद्रं आहेत, खाणी आहेत, २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं आहेत, पण सबस्टेशन आणि ट्रान्समिशन लाइन नाहीत. म्हणजे ‘ईसी’, तीच ती पर्यावरण मंजुरी, लागतच नाही. वनजमीन असती तर १९८० च्या कायद्याखाली केंद्राकडे जावं लागलं असतं. खाडीकाठ असता तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची परवानगी, आणि खारफुटी तोडायची असती तर थेट उच्च न्यायालय. मुंबईच्या खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइनला तेच करावं लागलं. आमची जागा गिरणीची, बिगरशेती झालेली. उद्या रंकाळ्याला भरती आली तरी आम्हाला सीआरझेड लागायचं नाही!

त्यांची फी १,८५,००० अधिक जीएसटी. साडेचार लाखांची एक ओळ खोडणाऱ्याला पावणेदोन-दोन लाख द्यायला कोण नको म्हणेल?

पण मला खरं आवडलं ते पुढचं. ‘लागत नाही’ म्हणून त्यांनी फाइल मिटली नाही. जे लागतं ते त्यांनी कडक धरलं. नव्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल साडेतीन हजार लिटरच्या आसपास. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २,००० लिटरच्या वर गेलं की तेल मुरायला खड्डा आणि ग्राहकाच्या आवारात दोन ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये चार तास आग सोसणारी भिंत आलीच. पहिल्या एजंटच्या नकाशात ना खड्डा होता ना भिंत. तो नकाशा तसाच गेला असता तर विद्युत निरीक्षकांकडून परत आला असता, किंवा ट्रान्सफॉर्मर बसल्यावर चार्जिंगच्या, म्हणजे त्यात वीज सोडायच्या, आधी काम अडलं असतं. त्या वेळी फौंडेशन फोडायला लागलं असतं ते वेगळंच.

आता जागेची गंमत. यार्डाच्या पूर्वेला मोकळी जागा, तिथेच ट्रान्सफॉर्मर बसवायचा असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण कुंपणाला लागून पाच-सहा घरं आहेत. मॅडम तिकडे फिरायला गेल्या आणि एका आज्जीच्या ओट्यावर बसल्या. आज्जी म्हणाली, “एका भोंग्याची सवय झाली गं बाई, पर दोन झाल्यावर झोप कुठली?” तिच्या लेखी ट्रान्सफॉर्मर म्हणजे भोंगा. तसं तिचं चूक नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर त्याचा गाभा सेकंदाला शंभर वेळा ताणतो-आवळतो, तोच तो हुंकार. दुसरा तेवढाच आवाज शेजारी आला तर एकूण ३ डेसिबलने वाढतो.

मग यांचा माणूस आवाज मोजायचा मीटर घेऊन रात्री दोन वाजता त्या ओट्यावर येऊन बसला. मीही गेलो होतो, डासांनी फोडून काढलं. गिरणी चालू, ट्रान्सफॉर्मर चालू, मीटरवर ४३. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. म्हणजे हिशेबाने आम्ही ४६ ला जाणार होतो. ही मोजणी कुठल्याही ऑफिसने मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नकाशा उलटा केला. नवा ट्रान्सफॉर्मर जुन्याच्या पलीकडे पश्चिमेला, आणि आगीची भिंत मध्ये. तीच भिंत वस्तीकडे जाणारा आवाजही अडवणार. चार्ज झाल्यावर त्याच ओट्यावर पुन्हा मोजलं, ४४ आलं.

पश्चिमेला एक जुनी चिंच आहे. चिंच १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शेजारच्या सुबाभळीचं तसं काही नाही. पहिल्या एजंटच्या ‘झाडतोड’ ओळीत आमची सगळीच झाडं होती. यांनी फौंडेशन तीन मीटर सरकवलं, चिंच वाचली, फक्त लाइनकडच्या फांद्या छाटल्या. कामगार अजून तिथेच डबा खातात.

आता दुसरी बाजू.

नव्वद दिवस सांगितले, साडेपाच महिने लागले. त्यातले तीन आठवडे निव्वळ यांच्या गलथानपणाने गेले. निरीक्षकांकडे गेलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, नाव दुसऱ्याच एका गिरणीचं! जुन्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून आमचं चित्र काढलं, नाव बदलायचं राहिलं. ड्रॉइंग परत आलं तेव्हा चेअरमननी मला विचारलं, “आपण गिरणी विकली काय?” काय उत्तर देणार?

पहिला हप्ता मिळाला की यांचे फोन कमी होतात हेही खरं. मॅडम उचलायच्या, पण ऑफिस नाही. आणि बिलात ‘किरकोळ खर्च १८,०००’ अशी ओळ, पावती नाही. चलनं, शुल्क यांच्या पावत्या व्यवस्थित लावल्या होत्या, मग ही एकच ओळ का पोरकी? मी खोडली. त्यांनीही वाद घातला नाही, त्यामुळे शंका वाढली ती वाढलीच.

तिसरी गोष्ट जास्त टोचली. जुना ३३ केव्हीचा ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, काढून व्हॅक्यूमचा घ्यायचं ठरलं, ते ठीक. पण यांनी तयार केलेल्या टेंडरमध्ये जुन्या, एसएफ-६ गॅस भरलेल्या ब्रेकरपुढे फक्त ‘भंगार’ लिहिलं. भंगारवाला तो कटरने कापणार आणि गॅस हवेत. हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापवतो. आवाजाचे दोन डेसिबल वाचवायला रात्री दोनला येणाऱ्या माणसांच्या नजरेतून हे सुटावं? मी दाखवल्यावर गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारी पार्टी त्यांनीच आणली. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं फिल्टरेशन करताना निघालेलं खराब तेल मात्र मी न सांगताही अधिकृत रिसायकलरला, मॅनिफेस्ट (तेल कुठून कुठे गेलं त्याचा कागद) लावून दिलं. नाहीतर आमच्याकडे असलं तेल दाराच्या चौकटींना फासायला गावात वाटलं जायचं.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी ही सेवा घ्यावी. फक्त करारात प्रत्येक परवानगीपुढे ती कुठल्या नियमाखाली लागते ते लिहून घ्या, आणि ड्रॉइंग बाहेर जायच्या आधी कोपऱ्यातलं नाव स्वतः वाचा.

अर्धा तारा शेवटी कापला तो तेलाच्या खड्ड्यासाठी. भिंत, खडी, जाळी सगळं नियमात. पण पावसाचं पाणी बाहेर काढायची सोयच नकाशात नाही. जुलैत खड्डा काठोकाठ भरला. उद्या तेल सांडलं तर ते पाण्यावर तरंगत बाहेर येणार. सुधारित ड्रॉइंग मिळेपर्यंत बिल सोडणार नाही असं कळवलंय. परवा फोन केला तर “पाठवतो साहेब” म्हणाले. तोवर आमचं तेच पोरगं, जे रेडिएटरवर पाणी मारायचं, आता रोज सकाळी मोटर लावून खड्डा उपसतंय.