टॉवर ऑफ लंडन: कोहिनूरच्या रांगेत लागायच्या आधी थॉमस मोरला भेटा

रेटिंग 4/5. आपली मंडळी टॉवरमध्ये (लंडनचा जुना किल्ला, एकेकाळचा तुरुंग) शिरली की सुसाट ज्वेल हाऊसकडे पळतात, कोहिनूर बघून हळहळायचं आणि मग टॉवर ब्रिजवर फोटो, झालं. मी गेले ती इथे कैदेत असलेल्या थॉमस मोरसाठी, त्यामुळे रिव्ह्यू पण तसाच आहे.

बायवर्ड टॉवरच्या गेटमधून आत आलात की डाव्या हाताला बेल टॉवर लागतो, जाडजूड भिंतींचा. त्याच्या खालच्या खोलीत मोर कैदेत होता असं मानतात, वरच्या खोलीत बिशप जॉन फिशर. मोर म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर (राजाचा बडा मंत्री) होता, आठव्या हेन्रीच्या अगदी मर्जीतला. राजाला राणी कॅथरीनला सोडून अ‍ॅन बोलिनशी लग्न करायचं होतं, पोप काही बधेना, मग राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला आणि हे सगळं मान्य असल्याची शपथ सगळ्यांना घ्यायला लावली. भल्याभल्यांनी घेतली, ह्याने नाही घेतली. बरं, विरोधात भाषणबिषण काही नाही हां, नुसता गप्प बसला, पक्का वकील ना, गप्प बसणाऱ्याला कायद्यात पकडायचं कसं! शेवटी राजाचा सरकारी वकील रिचर्ड रिच ह्याच्या साक्षीवर अडकवला, आणि मोर कोर्टात तोंडावर म्हणाला की ही साक्ष खोटी आहे.

तिकीट महाग वाटेल, पण मोरलाही शिरताना काहीतरी द्यावंच लागलं होतं: 1534 च्या एप्रिलमध्ये मोरला इथे आणलं तेव्हा दरवानाने रिवाजाप्रमाणे अंगावरचं वरचं वस्त्र मागितलं, तर ह्याने डोक्यावरची टोपी काढून दिली, हेच सगळ्यात वरचं म्हणे. बायको अ‍ॅलिस भेटायला आली ती तडकलेलीच, चेल्सीचं घर, बाग, पुस्तकं सोडून इथे उंदरांत काय बसलायत? ह्याने विचारलं, स्वर्ग आपल्या घरापासून जेवढा जवळ तेवढाच इथूनही नाही का? ती अजूनच वैतागली. मला विचाराल तर बाईचं पण बरोबर होतं, घर तिलाच चालवायचं होतं.

एक प्रॉब्लेम म्हणजे ती खालची खोली साध्या तिकिटात येत नाही, बाहेरूनच बघायची. बीफईटरची (टॉवरचे गणवेशातले रक्षक) टूर तिकिटातच असते, ती नक्की घ्या. टॉवरच्या आतलं सेंट पीटरचं चॅपल (छोटं चर्च) बघता आलं तर अजिबात सोडू नका, मोरला तिथेच पुरलंय (डोकं सोडून, ते लंडन ब्रिजवर टांगलं होतं, मुलगी मार्गारेटने नंतर मिळवलं). आणि जिच्या लग्नापायी एवढं रामायण झालं ती अ‍ॅन बोलिनही त्याच चॅपलमध्ये, 1536 च्या मे महिन्यात तिचंही मुंडकं उडवलं, म्हणजे मोरनंतर वर्षही झालं नव्हतं.

1935 मध्ये पोपने त्याला संत केलं. पण अगदी देव्हाऱ्यात बसवायच्या आधी हेही बघा, त्याच्या चॅन्सलरकीच्या काळात सहा प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं. स्वतःच्या विवेकासाठी मान देणाऱ्याला दुसऱ्याचा विवेक दिसला नाही, हे मला काही केल्या पचत नाही.

टॉवरमधून बाहेर पडलात की ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत जा, फुकट आहे, टॉवर हिल ट्यूब (मेट्रो) स्टेशनला लागूनच. 6 जुलै 1535 ला मोरचा शिरच्छेद ह्या टॉवर हिलवरच झाला, जागेवर पाट्या आहेत. डळमळीत मचाणावर चढताना तो म्हणाला होता की वर जायला तेवढा हात द्या, खाली यायचं माझं मी बघेन. वेळ कमी असेल तर ज्वेल हाऊस कापा, ही बाग नको.