लंडनला जायचंय : मुंबईहून, हैदराबादहून की दिल्लीहून?

लेक-जावई लंडनला आणि आई-वडील मराठवाड्यात, अशा घरात तिकीट काढताना पहिला प्रश्न असतो विमानतळाचा. बहुतेक जण सवयीने मुंबई म्हणतात. संभाजीनगर-जालन्याला ते ठीक आहे. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकरांनी मात्र आधी हैदराबाद बघावं, असं माझं ठाम मत आहे.

हीथ्रो विमानतळ सरळ रेषेत दिल्लीहून सुमारे 6,730 किलोमीटर, मुंबईहून 7,210 आणि हैदराबादहून 7,750. तिन्हीकडून थेट विमानं आहेत. हैदराबादहून मुंबईपेक्षा 540 किलोमीटर जास्त पडतात खरे, पण विमानाला त्याला पाऊण तास लागतो. तेच जमिनीवर बघा. नांदेडहून मुंबई जवळपास 600 किलोमीटर, हैदराबादचा शमशाबाद विमानतळ त्याच्या निम्म्यावर. देगलूर, संगारेड्डी करत पटनचेरूला आउटर रिंग रोड धरला की शहरात शिरायचंच नाही. सकाळी घरी जेवून निघा, रात्रीचं विमान आरामात मिळतं. लातूरहूनही मुंबई 500 च्या घरात, हैदराबाद 300 च्या आसपास. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे वाचलेले तास फार मोलाचे.

संभाजीनगरचं गणित वेगळं. तिथल्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबई हवाई मार्गाने अवघी 280 किलोमीटर, दिल्ली 980. अंतर मुंबईमार्गे कमी पडतं. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. ती बंद असेपर्यंत दिल्लीहून निघालेल्या भारतीय कंपनीच्या विमानाला वळसा पडतो आणि जवळ असल्याचा फायदा तिथेच संपतो. गाडीने मुंबई गाठायची तर समृद्धीने आमणेपर्यंत झरझर जाता, पुढे भिवंडी-ठाण्याच्या गर्दीसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा.

चिकलठाण्याहून उडणार असाल तर संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. दोन वेगळी तिकिटं असली की मुंबईत बॅग स्वतः घ्यायची, लागलं तर टर्मिनल बदलायचं, पुन्हा रांग. आणि वजनाचा घोळ वेगळाच : लंडनच्या विमानात 23 किलोची बॅग चालते, देशातल्या विमानात साधारण 15 किलोच. मग काळा मसाला, मेतकूट, ज्वारीचं पीठ काउंटरसमोर उपसत बसावं लागतं.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक लक्षात ठेवा. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मुंबईहून पहाटे 2 ला निघून सकाळी साडेसातला पोहोचणारं विमान हिवाळ्यात 11 तास हवेत असतं, साडेपाच नव्हे. येताना वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा जातानाच्या प्रवासासाठी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या आणि त्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा.