सकाळचं फिरणं की दर अर्ध्या तासाला उठणं? गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी

कृषी केंद्राचा गल्ला, पतसंस्थेचं काउंटर, सेतू केंद्राचा संगणक, ग्रामपंचायतीचं टेबल. गावात राहूनही दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जाणारे लोक आता कमी नाहीत. वावर आहे, पण काम मजूर करतात आणि मालक गाडीवर धुऱ्यापर्यंत जाऊन येतो. वरून "आपण शेतकरी माणसं, आपल्याला कायचा व्यायाम" हेही ऐकायला मिळतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या इंडियाब या मधुमेहाच्या अभ्यासाचे आकडे २०१४ साली आले. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथली ही पाहणी. त्यात शहरातले ६५ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, आणि खेड्यातले ५० टक्के. म्हणजे खेड्यातही निम्मे.

जी बाई दिवसभर निंदण करते किंवा जो गडी पाठीवर पंप घेऊन फवारतो, त्यांच्यासाठी हा लेख नाही. कोपनहेगनमधल्या मोठ्या पाहणीत मोकळ्या वेळेतल्या व्यायामाने हृदयविकार कमी दिसला, पण कामावरच्या जड मेहनतीने उलट धोका वाढलेला दिसला. त्यांना चालायला सांगण्यापेक्षा विसावा आणि नीट जेवण मिळायला हवं. इथे विचार करायचा तो बसून काम करणाऱ्याचा, आणि त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, किंवा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खुर्ची सोडणं.

चालण्याच्या बाजूने पुरावा जुना आणि भक्कम आहे. लंडनच्या दुमजली बसमधला ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर जिने चढत-उतरत. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. आपल्याकडचा दाखला चेन्नईचा. साखर वाढू लागलेली पण मधुमेह न झालेली ५३१ माणसं तीन वर्षं तपासली गेली आणि निष्कर्ष २००६ मध्ये आले. खाण्यात बदल आणि रोज अर्धा तास चालणं सांभाळणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी. चालण्यासोबत खाणंही बदललं होतं, म्हणून सगळं श्रेय पायांना देता येणार नाही. तरी गोळीच्या तोडीचा परिणाम औषधाविना मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

उठण्याच्या बाजूचे प्रयोग नवे आहेत आणि वाचायला जास्त चटकदार. ऑस्ट्रेलियात संशोधक डेव्हिड डन्स्टन यांनी १९ जाड माणसांना पाच तास बसवलं आणि दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं. गोड पेयानंतर चढणारी साखर अगदी हळू चालूनही जवळपास चौथाईने कमी राहिली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ११ जणांवर आठ तासांचा प्रयोग झाला. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी घटली, रक्तदाबही चार-पाच अंकांनी उतरला.

इथे जरा थांबायला हवं. एक १९ माणसांचा, दुसरा ११ माणसांचा, आणि दोन्ही एकेका दिवसाचे हिशेब. साखर त्या दिवशी उतरली म्हणून पाच वर्षांनी मधुमेह टळेलच, असं त्यातून सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये ऑफिसातल्या लोकांवर वर्षभराची चाचणी झाली. उंची कमी-जास्त होणारं टेबल आणि समजावणी मिळालेल्या गटाचं बसणं रोज तासाभराने घटलं. साखर-चरबीच्या तपासण्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे: ते लोक उठून चालले नाहीत, उभे राहिले. नुसतं उभं राहण्याला बसण्यापेक्षा नाममात्र जास्त ऊर्जा लागते. पानटपरीवाला दिवसभर उभा असतो, त्याच्या पिंडऱ्यांवरच्या फुगलेल्या नसा बघा. म्हणून गल्ल्यासमोर उंच टेबल करून घेण्यात पैसे घालू नका. उठायचं ते चार पावलं टाकायला.

बसण्याचे तास आणि हालचाल एकत्र तपासणारा मोठा अभ्यास संशोधक उल्फ एकेलुंड यांचा, २०१६ चा, दहा लाखांवर माणसांच्या माहितीवरचा. रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनी ६० ते ७५ मिनिटं भरभर हालचाल केली, तर बसण्यामुळे दिसणारा मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ पुसला जातो, असं त्यात आढळलं. पुढे लोकांनी आपलं आपण सांगितलेल्या आकड्यांऐवजी अंगावर लावलेल्या यंत्राने मोजमाप केलं, तेव्हा ३० ते ४० मिनिटंही बरंच काम करतात असं दिसलं. म्हणजे एकच निवडायचं तर चालणं निवडा. हे मी बिनधास्त सांगेन.

पण हा निकाल विदर्भात मे महिन्यात लागू करून बघा. अकोला, चंद्रपूर, नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात सकाळी आठलाच ऊन चावतं. फिरायचं तर पाचला बाहेर पडायचं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या जंगलालगतच्या गावात पहाटे पाचला पांदण रस्त्याने एकट्याने निघा असं मी कुणाला सांगणार नाही. तिथे वाघ ही रोजची काळजी आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलो-किलो चिकटतो आणि अंधारात सापाचं भय. कृषी केंद्रवाल्याला तर जूनमध्ये बियाणं-खताच्या गर्दीत जेवायलाही फुरसत नसते. बायकांचं आणखी वेगळं: सकाळचा वेळ डबे आणि पाण्यात जातो, आणि सून एकटी रस्त्याने फिरायला निघाली की पारावरच्या नजरा मागे लागतात.

अशा महिन्यांत दुसरी वाट कामी येते, कारण ती कूलरसमोर, दुकानातल्या दुकानात चालते. माल काढायला पोऱ्याला न पाठवता स्वतः गोदामात जायचं. फोन आला की उभं राहून ओट्यावर चकरा मारत बोलायचं. पाण्याची बाटली जवळ न ठेवता माठापर्यंत जायचं. तंबाखूचा खर्रा घोटायला उठता, त्याचं कौतुक मात्र करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या सूचनांतून 'सलग किमान दहा मिनिटं' ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी, ती तुकड्या-तुकड्यांनी केलेली चालते. मात्र हळू रेंगाळणं त्यात धरू नका. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग हवा.

साखर सीमेवर आलेली असेल किंवा मधुमेह असेल, तर उठण्याचा फायदा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त, आणि तोही जेवणानंतर. वयस्क लोकांवरच्या एका छोट्या अभ्यासात तीनही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालण्याने दिवसभरातली साखर सकाळच्या ४५ मिनिटांइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर जास्त चांगली उतरली. अंगणात किंवा गच्चीवर पंधरा मिनिटं कुठल्याही ऋतूत जमतात, बायकांनाही. रक्तदाब आणि सुटलेलं पोट ही मुख्य तक्रार असेल, तर या दोन वाटांतली भरभर चालण्याचीच धरा. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने त्यासाठी धरून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट डांबरी रस्ता बघावा, ढेकळांतून चालू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. चालताना छाती भरून येत असेल तर आधी तपासणी.

कुठली वाट लागू पडते आहे हे वजनकाट्यावर लवकर कळत नाही. उठण्याचा परिणाम बघायचा तर घरच्या ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा, एकदा बसून राहिलेल्या दिवशी आणि एकदा चकरा मारलेल्या दिवशी, जेवण तेच ठेवून. चालण्याचा हिशेब तालुक्याच्या लॅबमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीतून आणि कमरेच्या मापातून निघेल.